कवळी बसली, पण भाकरी चावेना

प्रश्न : वय ७१, पंचवटीत राहतो. पूर्ण कवळी बसवून २४ दिवस झाले. त्याआधी दीड वर्ष नुसत्या हिरड्यांवर काढलं, पण वरणात कुस्करलेली बाजरीची भाकरी पोटभर जायची. आता तोंडभर दात आहेत आणि खालची कवळी घासागणिक उचलते, उजवीकडे आतून टोचते. रविवारी मिसळ खायला गेलो, तर फरसाण चावेना. रश्श्यात पाव बुडवून खाल्ला आणि घरी आलो. पैसे पाण्यात गेले का? सूनबाई म्हणते, डॉक्टर बदला.

उत्तर : काका, डॉक्टर इतक्यात बदलू नका. हिरड्यांवर तुम्ही भाकरी चावत नव्हता, जिभेनं टाळूवर दाबून गिळत होता. चावायचं आता नव्यानं शिकायचंय, त्याला सहा ते आठ आठवडे लागतात. शिवाय कवळीचा जोर स्वतःच्या दातांच्या चौथा-पाचवा हिस्साच असतो, हे बसवतानाच सांगायला हवं होतं.

वरची कवळी सगळ्या टाळूला लाळेनं चिकटून बसते. खालची घोड्याच्या नालेसारखी, मध्ये जीभ वळवळणार, म्हणून तीच उचलते. त्यात दीड वर्षात हाड झिजलेलं, आणि खालच्या जबड्याचं वरच्यापेक्षा जास्त झिजतं. घास लहान घ्या, अर्धा डावीकडे, अर्धा उजवीकडे ठेवून दोन्ही बाजूंनी एकदमच चावा. एकाच बाजूला चावलं की दुसरी बाजू उचललीच. जिभेचं टोक खालच्या पुढच्या दातांमागे टेकलेलं असू द्या. पेरू समोरच्या दातांनी तोडायला जाऊ नका, फोडी करून घ्या.

एक गंमत करून बघा. चावण्याची ताकद मोजायला संशोधक माणसाला शेंगदाणे चावायला देतात आणि तोंडातला भुगा चाळणीतून चाळतात. तुम्ही पाच दाणे वीस वेळा चावून वाटीत थुंका. आज अर्धे दाणे तसेच दिसतील. पंधरा दिवसांनी पुन्हा मोजा. (सूनबाईंना वाटी आधी दाखवू नका.)

टोचतंय ते मात्र सहन करायचं नाही. घरी घासूही नका. माझ्याकडे एक आजोबा कानशीनं घासलेली कवळी घेऊन आले होते, ती नवीनच करावी लागली. डॉक्टरांकडे जायच्या आदल्या दिवशी काही तास कवळी घाला, म्हणजे हिरडीवरचा लाल वण त्यांना नेमका दिसेल आणि तेवढंच घासता येईल. एरवी रात्री काढून साध्या पाण्यात ठेवा. गरम पाणी नको, आकार बिघडतो.

दोन-तीनदा घासूनही खालची हललीच, तर आतून नवा थर देता येतो, किंवा खाली दोन इम्प्लांट (जबड्याच्या हाडात बसवायचे स्क्रू) घालून त्यावर कवळी अडकवता येते. खर्च वाढतो, पण भाकरीला फरक पडतो. तोवर मिसळीतलं फरसाण पाच मिनिटं रश्श्यात भिजू द्या, पापड मात्र सूनबाईंना.