चित्रकला-नाटकाच्या वर्गाने मुलांचे गणिताचे मार्क वाढतात का?

गणिताचे नाही वाढत. लिखाण आणि वागणूक मात्र थोडी सुधारते. अमेरिकेत ह्यूस्टनच्या 42 शाळांत चिठ्ठ्या टाकून निम्म्या शाळांना नाटक, संगीत, नृत्य, चित्रकलेचे जादा उपक्रम दिले. तिसरी ते आठवीची 10,548 मुलं होती. उपक्रम मिळालेल्या शाळांत शिस्तभंगाच्या तक्रारी झालेल्या मुलांचं प्रमाण 3.6 टक्के-बिंदूंनी कमी भरलं आणि लेखनाचे गुण किंचित वाढले. गणित, विज्ञान, वाचनात मोजण्याजोगा फरक नव्हता. चिठ्ठ्या महत्त्वाच्या, कारण एरवी हौशी पालकांचीच मुलं वर्गाला येतात आणि श्रेय कलेला जातं. (चित्रकलेच्या इंटरमिजिएट ग्रेड परीक्षेचे दहावीला मिळणारे वाढीव गुण हा निराळा हिशेब.)

अट एकच: वर्ग खरा हवा. फी भरण्याआधी भिंतीवरची चित्रं बघा. सगळ्या कागदांवर तेच दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, कौलारू घर आणि नदी असेल, तर तिथे फळ्यावरून उतरवणं चालतं. नाटकाच्या वर्गात विचारा, की संवाद मुलं रचतात की पाठ करतात. स्नेहसंमेलनाआधीच्या पंधरा दिवसांच्या तालमीला कलाशिक्षण म्हणू नये.