रेडिओ, दूरदर्शन आणि नाटकांसाठी लिहिणाऱ्या सासऱ्यांच्या कागदांचं काय करावं?

तुमचा प्रश्न असा : सासऱ्यांनी तीस-पस्तीस वर्षं आकाशवाणी, दूरदर्शन आणि रंगभूमीसाठी लिहिलं, ते गेले, माळ्यावर दोन ट्रंका आणि पाच-सहा पिशव्या कागद उरले. छापील पुस्तकं कपाटात आहेतच, मग हे बाड कशाला ठेवायचं?

आधी माझा मूर्खपणा सांगतो. माझा मामाही असाच लिहायचा. तो गेल्यावर मी आणि मामेभावाने एका रविवारात सगळं 'लावून' टाकलं. शाईने लिहिलेलं ठेवलं, धूसर कार्बन प्रती रद्दीत घातल्या. पुढे कधीतरी डोक्यात प्रकाश पडला की श्रुतिकेची, म्हणजे रेडिओवरच्या नाटकाची, मूळ प्रत आकाशवाणी केंद्रावर दिली जायची, घरी उरायची ती कार्बनचीच. म्हणजे आठ-दहा श्रुतिका आम्ही किलोच्या भावाने विकल्या.

नाटकाचं निदान पुस्तक निघतं. श्रुतिकेचं, रूपकाचं (रेडिओवरच्या माहितीपर कार्यक्रमाचं), कामगारांसाठीच्या कार्यक्रमातल्या दहा मिनिटांच्या संवादाचं पुस्तक कोण काढतो? ध्वनिफिती महाग होत्या, त्या पुसून त्यांच्यावरच पुढचं ध्वनिमुद्रण व्हायचं. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं, तिथल्या सुरुवातीच्या काळातलंही सगळं काही टिकलेलं नाही. तेव्हा या दोन माध्यमांपुरतं तुमच्या पिशवीतला कागद हीच बऱ्याचदा त्या लेखनाची एकमेव खूण असते.

आणि नाटक छापलेलं असलं तरी प्रयोगाची प्रत वेगळीच असते. तालमीत खोडलेली वाक्यं, समासात दिग्दर्शकाची कुरकुर, रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाने, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉरने, सुचवलेल्या काटछाटी. तेंडुलकरांच्या 'गिधाडे'ची गोष्ट आठवा. १९७० साली मंडळाने साडीवरच्या रक्ताच्या डागाला हरकत घेतली. मग दिग्दर्शक डॉ. श्रीराम लागूंनी डाग निळा केला, आणि हा लाल समजावा असं प्रयोगाआधी प्रेक्षकांना सांगितलं जाई! असली गंमत छापील संहिता वाचून कशी कळणार? ती मंडळाशी झालेल्या पत्रव्यवहारात सापडते, नाहीतर कुणाच्या तरी आठवणीत.

तर आता काय कराल? पहिलं म्हणजे कागदांची आवराआवर करू नका. कुठल्या ट्रंकेत काय कशाशेजारी होतं, हेही अभ्यासकाला काही सांगत असतं. उघडाल तसे मोबाईलवर फोटो काढा, पिशव्यांना नंबर द्या. गंजलेल्या टाचण्या हलक्या हाताने काढा, नाहीतर तिथेच कागद फाटतो. फाटलेल्याला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. कसर आणि वाळवी यांच्याइतकाच ओलाव्याचाही धोका असतो, म्हणून पावसाळ्याआधी माळ्यावरून खाली आणा.

द्यायचं असेल तर नाटकाच्या कागदांसाठी दिल्लीच्या नटरंग प्रतिष्ठानला जरूर विचारा, भारतीय रंगभूमीची कागदपत्रं जमवणं हेच त्यांचं काम. इंग्लंडात रेडिओ, टीव्ही आणि रंगभूमी अशा तिन्हींसाठी लिहिणाऱ्या अ‍ॅलन बेनेट यांनी हयातीतच, २००८ साली, आपले कागद ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयाला फुकट देऊन टाकले. आपल्याकडे हे काम बहुतेक वेळा सुनेच्या गळ्यात पडतं, तेही घर रिकामं करायच्या घाईत. संस्था कुठलीही असो, यादी कोण करणार आणि वाचायला कुणाला मिळणार, हे आधी विचारा. नुसतं 'ठेवून जा' म्हणणाऱ्यांकडे ठेवू नका.

देताना लेखी नोंदवा की कागद दिले, प्रकाशनाचे आणि प्रयोगाचे हक्क नाहीत. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं ते हक्क सहसा वारसांकडे राहतात. मात्र सासऱ्यांना आलेल्या पत्रांचा हक्क ती लिहिणाऱ्यांचा, ती परस्पर छापू नका.

शेवटचं, आकाशवाणीची ती रुक्ष करारपत्रं. ती रद्दीच वाटतात, पण त्यांच्यावर लेखनाचं नाव, प्रसारणाची तारीख, वेळ आणि मानधन असतं. तारीख नसलेल्या संहितेचा काळ त्यांच्यावरून लागतो. मामाची करारपत्रं प्राप्तिकराच्या फाईलमध्ये होती म्हणून आमच्या हातून वाचली. विकून टाकलेल्या त्या श्रुतिकांची नावं तेवढी त्यामुळे मला आज ठाऊक आहेत.