मामेसासऱ्यांची ऑर्डर आणि बाहेरचे गिऱ्हाईक

प्रश्न : मी सोलापुरात शालेय गणवेश शिवण्याचे लहान युनिट चालवते. दीड वर्षापूर्वी सात मशीनवर सुरुवात केली. निम्मे भांडवल मोठ्या दिरांनी दिले, उरलेले भिशीतून उभे केले. कापड मामेसासऱ्यांच्या दुकानातून उधारीवर येते आणि जवळजवळ सगळ्या ऑर्डरीही तेच देतात. मात्र गेल्या हंगामाचे पैसे दिवाळीपर्यंत लांबले आणि नात्यात मागायचे कसे, या संकोचाने मी गप्प राहिले. बाहेरचे गिऱ्हाईक शोधू म्हटले, तर घरात ‘आपली माणसं सोडून परक्यांकडे चाललीस’ असे ऐकावे लागते. नात्यांवर धंदा किती टेकवावा?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपल्या युनिटचा पायाच नात्यांनी घातला आहे, हे आधी मान्य करू. तारण नसताना दिरांनी पैसे दिले आणि पत नसताना मामेसासऱ्यांनी कापडाचे ताके दिले. नव्या उद्योगाला बँक इतक्या सहज दारात उभे करत नाही. सोलापूरच्या पूर्व भागातील पद्मशाली विणकरांचे माग आणि कारखानेही बऱ्याच अंशी असेच घरच्या आणि समाजाच्या आधारावर उभे राहिले.

अडचण आहे ती सगळे एकाच दारातून येण्याची. ब्रायन उझी या समाजशास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात न्यूयॉर्कमधील तयार कपड्यांच्या लहान कारखान्यांचा अभ्यास केला, म्हणजे धंदा जवळजवळ आपलाच. विश्वासाच्या घट्ट संबंधांमुळे माहिती लवकर मिळते आणि अडचणी आपसांत सुटतात, हे त्याला दिसले. परंतु जे कारखाने केवळ अशाच संबंधांत गुरफटले होते, ते बंद पडण्याचा धोका पुन्हा वाढलेला आढळला. घट्ट संबंध आणि निव्वळ व्यवहाराची ओळख यांचा मेळ घालणारे अधिक टिकले. मामेसासऱ्यांनी उद्या दुकान आवरले, तर जूनच्या तोंडावर आपली सातही मशीन थांबतील.

दुसरी गोष्ट बातमीची. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये मांडले, की नवी माहिती बहुधा लांबच्या ओळखीतून येते, कारण जवळच्या माणसांना जे ठाऊक असते ते आपल्यालाही ठाऊक असते. त्यांचा अभ्यास नोकरी मिळवणाऱ्यांचा होता, तरी तर्क इथेही लागू पडतो. कोणती शाळा गणवेश बदलणार आहे, हे आपल्या घरातल्या जेवणाच्या पंगतीत कळणार नाही. ते बटणे-चेन विकणारा, मशीन दुरुस्त करणारा मेकॅनिक किंवा वाहतूकवाला सांगेल. या माणसांशी चहापुरते तरी बोलणे ठेवावे. (घरच्यांना हा वेळेचा अपव्यय वाटेल, तो वाटू द्यावा.)

आता उधारीकडे वळू. आपल्या उद्योगाची ‘उद्यम’ ही लहान उद्योगांसाठीची सरकारी नोंदणी करून घ्यावी. ती ऑनलाइन आणि विनाशुल्क होते. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म व लघु पुरवठादाराचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, आणि करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या ‘बँक रेट’ या व्याजदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागू होते. मामेसासऱ्यांपुढे कायद्याचे कलम वाचून दाखवावे, असे मी मुळीच सुचवत नाही. ‘नोंदणी केल्यापासून हिशेबनीस प्रत्येक बिलावर तारीख मागतो’ एवढे सांगितले, तर मागणी आपल्या तोंडून न येता कागदाच्या तोंडून येते आणि नात्याची अब्रूही राखली जाते.

दिरांच्या पैशाबाबतही ते कर्ज आहे की भागीदारी, हे एका कागदावर दोघांच्या सहीने लिहून ठेवावे. नफा होऊ लागल्यावर हा प्रश्न निघाला, तर प्रत्येकाला आपल्या सोयीचे आठवते.

बाहेरच्या गिऱ्हाइकासाठी पुढच्या हंगामात दोन मशीनच मोकळी ठेवावीत. उरलेल्या पाच मशीनवर मामेसासऱ्यांचे काम वेळेत निघाले, तर घरात फारसे उत्तर देण्याची वेळ येणार नाही.