स्कॅनर गाडीशी जोडलाच जात नाही, दुकानदार म्हणतो गाडीच खराब

प्रश्न : नागपुरात मानेवाडा रोडवर माझं छोटं गॅरेज आहे. मी आणि मदतीला भाचा, एवढेच आम्ही. महिन्याभरापूर्वी शहरातल्याच एका दुकानातून ४२,००० रुपयांना गाड्यांचा स्कॅनर (गाडीला जोडून तिच्यातला बिघाड टॅबवर दाखवणारं यंत्र) घेतला. पहिल्या दिवसापासून तो गाडीशी कनेक्ट होत नाही. टॅबवर चक्र फिरत राहतं आणि शेवटी एरर येतो. दुसऱ्याच दिवशी दुकानदाराला व्हॉट्सॲपवर कळवलं. तो म्हणतो, ‘मशीन ओके आहे जी, तुमच्या गाड्यांमध्येच प्रॉब्लेम आहे.’ बिलावर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असं छापलं आहे. शिवाय धंद्यासाठी माल घेतला म्हणून मला ग्राहक मंचात जाता येणार नाही, असंही तो ऐकवतो. मी काय करू?

उत्तर : दुकानदाराच्या शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण तेवढं ऐकूनच कितीतरी कारागीर आपल्या पैशांवर पाणी सोडतात. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(७) प्रमाणे व्यापारी हेतूने माल घेणारा ‘ग्राहक’ ठरत नाही, हे खरं. पण त्याच कलमाचं स्पष्टीकरण दुकानदाराने वाचलेलं दिसत नाही. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठीच घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू व्यापारी हेतूत मोडत नाही. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली, जुन्या कायद्याखाली, हे फार स्पष्ट सांगून ठेवलं आहे. रिक्षा, ट्रक किंवा लेथ मशीन घेऊन स्वतः चालवणारा माणूस ग्राहकच, आणि हाताखाली एक-दोन माणसं असली तरी ग्राहकच. त्यामुळे भाचा मदतीला आहे म्हणून तुमचा हक्क जात नाही.

फक्त तक्रारीत हे स्वच्छ शब्दांत यायला हवं : गॅरेज माझं एकट्याचं आहे, स्कॅनर मी स्वतः वापरणार होतो, घर याच कमाईवर चालतं. हे लिहायचं राहिलं तर समोरचा वकील पहिला आक्षेप त्यावरच घेईल. बिलावरच्या जीएसटीचं क्रेडिट घेतलं असेल तर तेही लपवू नका. तेवढ्यावरून प्रकरण फिरत नाही, पण लपवलेली गोष्ट नंतर बाहेर आली की तुमच्या बाकीच्या खऱ्या बोलण्यावरही शंका घेतली जाते.

बिलावरच्या छापील ओळीने दबून जाऊ नका. सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही कलम २(४७) खाली अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि बिलात मुदत दिलेली नसेल तर ती तीस दिवसांची धरली जाते. तुम्ही दुसऱ्याच दिवशी कळवलंत हे फार चांगलं केलंत. तो व्हॉट्सॲप संवाद जिवापाड जपा.

आता मुख्य प्रश्न : दोष स्कॅनरमध्ये आहे की गाडीत? सगळं प्रकरण यावर उभं राहणार किंवा पडणार. आणि इथे वकिलापेक्षा तुमचा हात जास्त कामाचा आहे.

आधी गाडी नीट निवडा. २००९ सालची गाडी पुरावा म्हणून पुढे केलीत तर दुकानदाराचं आयतं फावेल. आपल्याकडे बीएस-४ (प्रदूषणाच्या नियमांचा एक टप्पा) गाड्यांना ओबीडी-२, म्हणजे गाडीने स्वतःचे बिघाड नोंदवून स्कॅनरला सांगण्याची ठरलेली पद्धत, एप्रिल २०१३ पासून लागू झाली. त्याआधीच्या बऱ्याच गाड्यांत सोळा पिनांचा सॉकेट दिसतो, पण आतला प्रोटोकॉल, म्हणजे गाडी आणि स्कॅनर यांच्या बोलण्याची भाषा, कंपनीचा स्वतःचा असतो. म्हणून बीएस-६, म्हणजे एप्रिल २०२० नंतरची आणि स्कॅनरच्या यादीत नाव असलेलीच गाडी घ्या. (खोक्यावर किंवा जाहिरातीत ‘सर्व गाड्यांना चालेल’ असं लिहिलं असेल तर त्याचा फोटो काढून ठेवा. ते खोटं निघालं तर दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीचा मुद्दाही घेता येतो.)

मग मल्टिमीटर लावा. सोळा नंबरची पिन बॅटरीचा प्लस, चार आणि पाच अर्थिंगच्या. सोळा आणि चार यांच्यात बारा व्होल्टच्या आसपास यायला हवेत. काहीच येत नसेल तर फ्यूज बघा. अनेक गाड्यांत या सॉकेटचा आणि सिगारेट लायटरचा फ्यूज एकच असतो आणि स्वस्तातल्या मोबाइल चार्जरमुळे तो उडालेला असतो. फ्यूज बदलल्यावर स्कॅनर चालला तर दोष गाडीचा होता. मग तक्रार करू नका, हे स्पष्ट सांगतो.

व्होल्टेज बरोबर आहे, तरी डोंगलवरचा (सॉकेटमध्ये खोचायच्या भागावरचा) दिवा लागत नसेल तर संशय केबलवर किंवा खुद्द डोंगलवर. दिवा लागतो पण लिंक होत नाही, असं असेल तर इग्निशन पूर्ण ऑन आहे का ते पाहा. चावी नुसती ॲक्सेसरीवर ठेवली तर अनेक गाड्यांचा ईसीएम (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) जागा होत नाही. टॅब आणि डोंगल ब्लूटूथवर खरोखर जोडले गेलेत का, की आधी दुसऱ्याच एखाद्या फोनने डोंगल पकडून ठेवलाय, तेही तपासा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून सहा आणि चौदा पिनांमध्ये साधारण ६० ओहम आले तर कॅनचं (गाडीतले कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारं) वायरिंग शाबूत असल्याची ती चांगली खूण. काही गाड्यांत सॉकेट आणि हे वायरिंग यांच्या मधे बसवलेल्या गेटवेमुळे आकडा वेगळा येतो, म्हणून नुसत्या त्यावर विसंबू नका.

ग्राहक आयोगाला (म्हणजे पूर्वीच्या ग्राहक मंचाला) सगळ्यात जास्त पटेल तो पुरावा असा : त्याच गाडीला ओळखीच्या गॅरेजवाल्याचा चालू स्कॅनर लावा. तो जोडला गेला की गाडी न हलवता लगेच तुमचा लावा. हे सगळं सलग, मध्ये न तोडता मोबाइलवर रेकॉर्ड करा. सुरुवातीला बिल, स्कॅनरचा सिरियल नंबर आणि गाडीची नंबरप्लेट दिसू द्या, शेवटी एररचा स्क्रीन. दोन-तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांवर हेच करा. त्या गॅरेजवाल्याचं प्रतिज्ञापत्र जोडलंत तर दुकानदाराच्या ‘गाडीच खराब’ या बोलण्यात काही दम उरत नाही. मूळ व्हिडिओ फोनमधून डिलीट करू नका. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३(४) खालचं प्रमाणपत्र त्यासोबत लावायचं आहे.

एक गोष्ट मात्र करू नका. स्कॅनर उघडू नका आणि कुणाच्या सांगण्यावरून त्यात दुसरं सॉफ्टवेअर टाकू नका. तुमच्यासारख्या हुशार कारागिराचे हात शिवशिवतात, ते समजतं. पण चाचणीशिवाय दोष ठरवता येत नसेल तर आयोग कलम ३८(२) खाली वस्तू सील करून प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. स्क्रू फिरवलेला स्कॅनर तिथे गेला तर तुम्हीच बिघडवला असं म्हणायला दुकानदाराला वाव मिळतो. खोकंही टाकू नका, त्यावर आयातदाराचं नाव-पत्ता असतो आणि त्यालाही तक्रारीत सामनेवाला (विरुद्ध पक्ष) करायचं आहे.

पुढची वाट त्या मानाने सोपी आहे. दुकानदार आणि आयातदार दोघांना स्पीड पोस्टने नोटीस पाठवा, पंधरा दिवसांत पैसे परत मागा. सोबतच राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा, कधी कधी तेवढ्यावरही प्रकरण मिटतं. नाही मिटलं तर नागपूर जिल्हा ग्राहक आयोग. माल किंवा सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, ई-जागृती पोर्टलवरून तक्रार दाखल करता येते, वकील सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची आहे, पण तेवढं थांबू नका, साक्षीदार आणि गाड्या दोन्ही हातचे जातात. मागणीत ४२,००० रुपये व्याजासह, मनस्ताप आणि खर्च घ्या. बुडालेल्या कामाची भरपाई मागायची तर परत पाठवलेल्या गिऱ्हाइकांची नोंद दाखवावी लागेल. हवेतला आकडा टाकू नका.

नोटीस मिळाल्यावर दुकानदार बहुधा म्हणेल, ‘आणा, बदलून देतो.’ ते नाकारायचं कारण नाही. पण तुमचीच तपासलेली गाडी घेऊन जा, नवा स्कॅनर त्याच्यासमोर जोडून बघा, आणि जुना कोणत्या सिरियल नंबरचा परत घेतला व नव्याची वॉरंटी कधीपासून धरायची, हे त्याच्या सही-शिक्क्यानिशी लिहून घेतल्याशिवाय जुना त्याच्या हातात देऊ नका.