वाचकांचे प्रश्न : वडिलांची आरएक्स आणि तिचा पांढरा धूर

प्रश्न : माझ्या वडिलांनी १९८९ साली घेतलेली यामाहा आरएक्स १०० शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये कडब्याच्या गंजीशेजारी अकरा वर्षे उभी होती. टाकी आणि कार्बोरेटर धुऊन दिवाळीत ती सुरू केली. मात्र ॲक्सिलरेटर सोडला तरी रेस लवकर उतरत नाही, इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नाही आणि गिअर ऑइल कोठेही गळत नसताना कमी होते. मिस्त्री नवे ब्लॉक-पिस्टन किट (सिलिंडर आणि पिस्टनचा जोड) बसवा म्हणतात. वडिलांच्या गाडीचा मूळ ब्लॉक काढायला माझे मन घेत नाही. काय करावे?
– एक वाचक, जिंतूर (जि. परभणी)

उत्तर : आपले मन योग्य तेच सांगत आहे. आपण लिहिलेली तिन्ही लक्षणे एकत्र दिसतात तेव्हा पहिला संशय पिस्टनवर नव्हे, तर क्रँकच्या, म्हणजे पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याच्या, दोन टोकांना असलेल्या ऑइल सीलवर (रबरी कड्यांवर) घ्यावा. आरएक्ससारख्या टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल-हवेचे मिश्रण आधी क्रँकभोवतीच्या बंद पेटीत, म्हणजे क्रँककेसमध्ये येते, खाली येणारा पिस्टन ते दाबतो आणि मग ते सिलिंडरमध्ये चढते. त्यामुळे क्रँककेस हवाबंद राहणे ही या इंजिनाची पहिली गरज असते. मॅग्नेटोच्या (ठिणगीसाठी वीज तयार करणाऱ्या भागाच्या) बाजूचे सील कडक झाले की तेथून जादा हवा ओढली जाते आणि रेस अडकून राहते. क्लचच्या बाजूचे सील गेले की गिअर ऑइल क्रँककेसमध्ये खेचले जाऊन जळते आणि पांढरा धूर होतो, म्हणून जमिनीवर थेंब नसतानाही पातळी उतरते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली अकरा वर्षे कोरडे राहिलेले रबर मऊ राहिले असते तरच नवल.

हे दुखणे अंगावर काढण्यासारखे नाही. जादा हवेने मिश्रण पातळ होते, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडते, इंजिन अधिक तापते आणि पिस्टन जाम होतो. नवे किट बसवून जुनी सील तशीच ठेवली, तर तोच प्रसंग नव्या पिस्टनवर येईल. म्हणून सील बदलेपर्यंत गाडी जिंतूरहून परभणीला नेण्याचा मोह टाळावा. सील काढतानाच मॅग्नेटोचा रोटर धरून वर-खाली हलवून पाहावा. त्यात खेळ जाणवला तर क्रँकचे बेअरिंगही बदलावे लागेल, कारण डगमगणाऱ्या क्रँकवर नवे सील टिकत नाही.

आता ब्लॉकविषयी. या इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) दोन्ही ५० मिलिमीटर आहेत. ब्लॉक उतरवून बोअर वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी दोन आडव्या-उभ्या दिशांनी मोजून घ्यावा. झीज आढळली तर ०.२५ मिलिमीटरच्या टप्प्याने मोठे पिस्टन मिळतात. आधी पिस्टन विकत घ्यावा आणि तोच लेथवाल्याच्या हातात देऊन त्याच्या मापाने बोअर करून घ्यावा. आधी बोअर करून मागाहून पिस्टन शोधणारे पुष्कळ असतात आणि ते पुष्कळदा पस्तावतात. बोअर झाल्यावर पोर्टच्या (सिलिंडरच्या भिंतीतील वायूच्या वाटांच्या) धारदार कडा किंचित मोडून घेण्यास आवर्जून सांगावे, नाहीतर रिंग तेथे अडकून तुटते. रिंगची टोके खाचेतल्या बारीक खुंटीवर बसली आहेत ना, हे ब्लॉक चढवण्यापूर्वी डोळ्यांनी पाहावे. गजन पिनचे (पिस्टन जोडणाऱ्या खिळीचे) सर्क्लिप, म्हणजे ती अडवणाऱ्या तारेच्या कड्या, मात्र जुने पुन्हा वापरू नयेत.

इंजिनाच्या कव्हरचे स्टार स्क्रू जपानी पद्धतीच्या खाचेचे असतात. बाजारातला साधा स्क्रूड्रायव्हर त्यांतून निसटून खाच खातो आणि मग छिन्नीची पाळी येते. जपानी मापाचा स्क्रूड्रायव्हर आणि हातोडीच्या ठोक्याने स्क्रू फिरवणारा एक इम्पॅक्ट ड्रायव्हर मिस्त्रींकडे नसेल, तर स्वतः विकत घेऊन द्यावा.

पेट्रोलची नळी आणि कॉकचे वायसर नवे घालावेत, कारण आजचे इथेनॉलमिश्रित पेट्रोल जुन्या रबराला सोसत नाही. चेन बदलायची तर दोन्ही स्प्रॉकेट सोबतच बदलावीत. रंग आणि क्रोम सर्वांत शेवटी. चकाकणारी पण ढकलत घरी आणलेली आरएक्स आम्ही पुरेशा पाहिल्या आहेत.

प्रश्न : माझी अशीच १९८७ची गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येईल का?
– एक वाचक, माजलगाव (जि. बीड)

उत्तर : नाही. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या वाहनालाच ती नोंदणी मिळते, म्हणजे आपल्याला २०३७ पर्यंत थांबावे लागेल. तोवर पंधरा वर्षांनंतरचे नेहमीचे पाच-पाच वर्षांचे नूतनीकरण चालू ठेवावे. त्या तपासणीत इंजिन आणि चॅसिसचे क्रमांक पाहिले जातात. म्हणून बफिंग करणाऱ्याला क्रँककेसवरील क्रमांकाच्या जागेला हात लावू देऊ नये.