स्वर-संवाद : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ‘माइलस्टोन जॅझस्टार्स इन कॉन्सर्ट’ ही जॅझची जुनी जोड एलपी (दोन तबकड्यांचा संच) मिळाली. कान ख्याल-ठुमरीचे. सुरुवात कुठून करू?

उत्तर : ‘कंटिन्युअम’ या तुकड्यापासून. तिथे सॉनी रॉलिन्स एकटाच टेनर सॅक्सोफोन वाजवतो. ना ठेका, ना पियानो. आलापी ऐकणाऱ्याला ते परकं वाटणार नाही.

मग रॉलिन्ससह चौघं मिळून वाजवतात त्या तुकड्यांकडे वळा. १९७८च्या अमेरिका दौऱ्यातलं हे वादन. त्या काळी जॅझमध्ये विजेच्या वाद्यांचा बोलबाला होता, पण मॅकॉय टायनर साध्या पियानोवर बसला आणि रॉन कार्टरने उभा बास (खर्जाचं मोठं तंतुवाद्य) घेतला. ड्रमवर अल फॉस्टर. टायनरचा डावा हात मंद्रात असा कोसळतो की मला रॉलिन्सचा सोडून त्याचाच भाग पुन्हा लावावासा वाटतो. (रॉलिन्सभक्तांनी पत्रं पाठवू नयेत!) चार नायक एकत्र आले की जुगलबंदीची मारामारी होते, असा आपला अनुभव. इथे कार्टर ती होऊ देत नाही. बासकडे लक्ष ठेवून एकदा ऐका.

आणि हो, रॉलिन्स आपल्याला अगदीच परका नाही. साठच्या दशकाच्या अखेरीस तो पवईच्या आश्रमात राहिला होता आणि १९७८मध्येच मुंबईच्या ‘जॅझ यात्रा’ महोत्सवात वाजवून गेला.

सुई मात्र नवी बसवा.