मादी बाटली, आता काय?

बाप-लेक लातूरकडचे. सोबत अडीच वर्षांची कारवान जातीची शिकारी कुत्री, टेबलाखाली अंग चोरून बसलेली. मागच्या माजाला गावठी कुत्र्याने तिला गाठलं आणि पाच पिल्लं झाली. अण्णांचा निकाल लागलेला होता: "बाटली हो डॉक्टर. आता कसलाही नर लावा, पुढची पिल्लं मिक्सच." तिला कुणाला तरी देऊन टाकायचं होतं. पोराने वर मोबाइल पुढे केला. गर्भाच्या पेशी आईच्या अंगात वर्षानुवर्षं राहतात, असं त्याने वाचलं होतं. "म्हणजे अण्णांचं खरंच ना?"

अडचण अशी, की वाचलेलं खोटं नव्हतं. वारेतून पिल्लांच्या काही पेशी आईच्या रक्तात जातात. व्यालेल्या काही कुत्र्यांच्या रक्तात नरातच असणाऱ्या वाय गुणसूत्राचा डीएनए सापडला आहे, आणि तो मादीचा स्वतःचा असूच शकत नाही. उंदरांत तर अशा पेशी आईच्या दुखावलेल्या हृदयात जाऊन बसलेल्या दिसल्या.

पण त्या तिच्या बीजात शिरत नाहीत. बीजांचा साठा तिच्या अंडाशयात पहिल्या माजाच्या कितीतरी आधी तयार असतो. पुढच्या पिल्लांत निम्मं तिचं, निम्मं त्या वेळच्या नराचं. जुन्या नराला वाटा नाही.

अण्णांचा समज जुनाच. १८२० साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे लॉर्ड मॉर्टन यांच्या घोडीची हकिकत आली. आधी क्वागापासून, म्हणजे झेब्र्याच्या एका जातीपासून, शिंगरू, नंतर अरबी घोड्यापासूनच्या शिंगरांवरही पट्टे! पुढे स्कॉटलंडमध्ये प्राणिशास्त्रज्ञ युअर्ट यांनी झेब्रा आणून हे तपासलं. झेब्र्याचं तोंडही न पाहिलेल्या घोड्यांच्या शिंगरांवर असे पट्टे येतात, हे दिसल्यावर गोष्ट तिथेच मिटली.

"मग शेजाऱ्याच्या मादीला चांगला नर दाखवूनही दोन पिल्लं गावठी कशी?" अण्णा सोडेनात. प्रश्न रास्त होता. कुत्रीचा माज लांबतो, नराचं वीर्य तिच्या पोटात कित्येक दिवस टिकतं. नर दाखवल्यावर तिला मोकळी सोडली, की एकाच वेतात दोन बापांची पिल्लं होतात. दोष आधीच्या वेताचा नसतो, त्याच आठवड्यातल्या उघड्या दाराचा असतो.

"तीन आठवडे कोंडून ठेवा," मी म्हटलं, "आणि नर दाखवल्यावरसुद्धा लगेच सोडू नका."

अण्णा जरा वेळ गप्प बसले. मग पोराकडे वळले. "गोठ्यामागची भिंत पडलीय ती आधी बांध."